कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांनी घेतलेली मुलाखत: फुकट, पण वेळ त्यांच्या सवडीची

मी दातांच्या दवाखान्यात फ्रंट डेस्क सांभाळते. लोकांना वेळ देणं, ती बदलून देणं, न आलेल्यांच्या मागे लागणं, हेच दिवसभराचं काम. त्यामुळे लेकीच्या कॉलेज अर्जांमध्ये ‘ॲलम्नाय इंटरव्ह्यू’, म्हणजे कॉलेजच्या माजी विद्यार्थ्याने अर्जदाराची घ्यायची मुलाखत, हा प्रकार आला तेव्हा मी सगळ्यात आधी बुकिंगचं बटण शोधलं. बऱ्याच ठिकाणी ते नसतंच. इथे ओहायोत आमच्या ओळखीच्या मराठी घरांत सध्या अकरावी-बारावीची मुलं बरीच आहेत आणि सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: ‘तुम्ही मुलाखत कशी मिळवली?’ म्हणून हे सविस्तर लिहिते.

बऱ्याच कॉलेजांत मुलाखत मिळवता येत नाही, ती येते. अर्ज पाठवला की कॉलेज पत्ता आणि शाळा बघून नाव आपल्या भागातल्या एखाद्या माजी विद्यार्थ्याकडे देतं आणि तो स्वयंसेवक स्वतःहून मेल करतो. त्याला ना पगार, ना मानधन. आपली नोकरी, आपली पोरंबाळं सांभाळून तो हे करतो. भागात माणूसच नसला, किंवा असलेल्यांच्या वाट्याला आधीच भरपूर मुलं आली असली, तर मेल येत नाही. त्याने अर्जाचं काही बिघडत नाही असं कॉलेजं स्वतःच सांगतात. माझा यावर विश्वास आहे. नाहीतर मोंटानातल्या एखाद्या गावातल्या पोराने करायचं काय?

तपशील मात्र दर कॉलेजागणिक वेगळे. जॉर्जटाउन मुलाखत आवश्यक धरतं, अगदीच शक्य नसेल तरच सूट. एमआयटीत मुलाखत घेणाऱ्याला ‘एज्युकेशनल कौन्सिलर’ म्हणतात, आणि तोच मुलाशी संपर्क साधतो. हार्वर्डमध्ये कुणाला बोलवायचं हे प्रवेश समितीच्या मर्जीवर. प्रिन्स्टनच्या अर्जात ‘मला मुलाखत नको’ असं सांगायची सोय आहे. येलमध्ये माजी विद्यार्थ्यांच्या जोडीने तिथे शेवटच्या वर्षाला असलेली मुलंही मुलाखती घेतात. ब्राउन आणि कोलंबियाने माजी विद्यार्थ्यांच्या मुलाखती बंदच केल्या. ब्राउनला त्याऐवजी छोटा व्हिडिओ पाठवता येतो. यूसीच्या, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या, कॅम्पसांत तर ही भानगडच नाही. हे नियम अधूनमधून बदलतात. शेजारच्या ताईंच्या मुलाने तीन वर्षांपूर्वी काय केलं ते ऐकून घ्या, पण कॉलेजच्या ॲडमिशनच्या पानावर आज काय लिहिलंय ते स्वतः वाचा.

वेळापत्रकाचं म्हणाल तर, 1 नोव्हेंबरच्या अर्ली, म्हणजे लवकरच्या, मुदतीत अर्ज केला असेल तर मेल साधारण नोव्हेंबरात येतो, कारण निकाल डिसेंबरच्या मध्याला लागायचे असतात. जानेवारीच्या सुरुवातीला अर्ज करणाऱ्यांना जानेवारी-फेब्रुवारीत. म्हणजे नेमकं थँक्सगिव्हिंग, नाहीतर सेमिस्टरच्या परीक्षा, नाहीतर बर्फ.

आता मेलबद्दल, कारण खरी गंमत इथेच आहे. मेल कॉलेजच्या पत्त्यावरून येईलच असं नाही. आमच्याकडे एक आला तो कुठल्याशा इंजिनिअरिंग फर्मच्या पत्त्यावरून. विषयात नुसतं ‘इंटरव्ह्यू’, खाली कंपनीचा लोगो आणि गोपनीयतेची लांबलचक सूचना. जीमेलने इमानदारीत तो स्पॅममध्ये टाकला. लेक रोज रात्री स्पॅम बघायची म्हणून सापडला. मुलांनी अर्जात शाळेचा मेल आयडी दिला असेल तर आणखी एक काळजी: काही शाळा बाहेरून आलेले मेल अडवतात. अर्जासाठी वेगळा आयडी काढा आणि तो फोनवर ठेवा.

उत्तर लेकीने लिहिलं. मी ते पाठवण्याआधी वाचलं, पण शब्दाला हात लावला नाही. चार ओळी होत्या: आभार, मंगळवारी किंवा गुरुवारी साडेचारनंतर कधीही, शनिवारी सकाळी, जागा तुम्ही म्हणाल ती, माझा फोन नंबर हा. तासाभरात होकार आला. माझ्या एका मैत्रिणीने मुलाच्या नावाने स्वतः मेल लिहिला, आणि त्यात ‘किंडली डू द नीडफुल’ घातलं. सतरा वर्षांचं अमेरिकन पोरगं असं लिहीत नाही हे समोरच्याला पहिल्या ओळीतच कळत असणार.

दुसऱ्या एका कॉलेजचा अनुभव इतका सरळ नव्हता. नाव लिहीत नाही. त्या गृहस्थांनी व्हिडिओ कॉलसाठी ‘रविवारी दहा’ अशी वेळ दिली. आमच्या दहाला लेक इस्त्रीचा शर्ट घालून लॅपटॉपसमोर बसली. कुणीच नाही. वीस मिनिटांनी तिने नम्र मेल टाकला. एक वाजता त्यांचा कॉल आला तेव्हा ती स्वयंपाकघरात कणीक मळत होती. ते कॅलिफोर्नियात होते, दहा त्यांचे होते. ‘मी तुला दहा म्हणालो होतो ना?’ एवढंच म्हणाले आणि सुरू झाले. कणकेचे हात पुसत तिने मुलाखत दिली. दवाखान्यात मी वेळ देताना शेजारी टाइम झोन लिहीत नाही कारण सगळे पेशंट याच काउंटीतले. देशभर पसरलेल्या लोकांकडून काम करून घेणाऱ्या कॉलेजने निदान एक कॅलेंडरची लिंक द्यावी, ही माझी मुख्य तक्रार. लेकीने नंतर स्वतःपुरता उपाय काढला. प्रत्येक उत्तरात ‘माझ्याकडची ईस्टर्न वेळ’ असं लिहून, आदल्या दिवशी एक ओळीची आठवण.

इंजिनिअरिंग फर्मवाल्यांची मुलाखत मात्र सार्वजनिक लायब्ररीच्या स्टडी रूममध्ये झाली, काचेच्या भिंतीची. घरी बोलावू नका, सार्वजनिक जागा निवडा किंवा ऑनलाइन बोला, अशा सूचना बरीच कॉलेजं आपल्या स्वयंसेवकांना देतात. हे मला फार आवडलं. आईबापांनी आत बसायचं नसतं. मी मासिकांच्या शेल्फपाशी उभी राहून शेतीचं एक मासिक चाळत होते आणि काचेतून दिसत होतं ते एवढंच की माणूस साठीच्या पुढचा, स्वेटर घातलेला, आणि हात हलवून बोलतोय ती माझी मुलगी.

नंतर गाडीत तिने सांगितलं. तिला जुनी शिलाई मशीन दुरुस्त करायचा नाद आहे, थ्रिफ्ट स्टोअरमधून, म्हणजे वापरलेल्या वस्तूंच्या दुकानातून, आणते आणि गॅरेजमध्ये पसारा मांडते. अर्जात हे आहेच, पण या लोकांना अर्ज दिसत नसतो. ना मार्क, ना निबंध. त्यामुळे त्यांनी विचारलं, ‘शाळेबाहेर काय करतेस?’ आणि हिने मशीनचं सांगितल्यावर पुढचा प्रश्न असा आला: ‘पहिलं मशीन उघडलंस तेव्हा काय बिघडवलंस?’ बॉबिन केसचा, म्हणजे खालच्या दोऱ्याची बॉबिन ठेवायच्या डबीचा, छोटा स्क्रू जास्त सैल केला तर ती पट्टीची स्प्रिंग सुटते. तिची सुटून ड्रायरखाली गेली होती. ती कशी शोधली, दोऱ्याचा ताण पुन्हा कसा जमवला, बॉबिन केस दोऱ्याला लटकवून हलका झटका दिल्यावर ती थोडीशीच घसरायला हवी, हे सगळं तिने सांगितलं. त्यांनी मग पाण्याच्या पंपांवरची आपली पहिली नोकरी सांगितली. अर्ध्या तासाची भेट तासावर गेली. एसएटी या प्रवेशपरीक्षेचा आकडा कुणी विचारला नाही, आणखी कुठे अर्ज केलेत तेही नाही.

तिने त्यांना विचारलेला प्रश्न मला जास्त भावला: ‘तिथे तुम्हाला काय आवडलं नाही?’ माहितीपुस्तिकेत हे उत्तर सापडायचं नाही. पहिल्या वर्षी एकटेपणा फार होता, वर्कशॉपच्या तंत्रज्ञांशी दोस्ती झाल्यावर बरं वाटलं, असं ते म्हणाले. घरी आल्यावर तिने त्या कॉलेजच्या वर्कशॉपचे तास शोधून काढले. मुलाखतीचा इतका उपयोग मी धरलाच नव्हता.

मुलाखत घेणारा कॉलेजला जो अहवाल पाठवतो त्याला प्रवेशाच्या दृष्टीने वजन किती, यावर आपल्या लोकांत फार चर्चा चालते. आशियाई मुलांना प्रवेशात डावललं जातं या आरोपावरून हार्वर्डवर झालेल्या खटल्यात, ज्याचा सुप्रीम कोर्टात 2023च्या जूनमध्ये निकाल लागला, फिर्यादींच्या तज्ज्ञाने दाखवलं होतं की माजी विद्यार्थ्यांनी आशियाई मुलांना व्यक्तिमत्त्वासाठी दिलेले गुण गोऱ्या मुलांच्या जवळपास होते. प्रवेश कार्यालयाने दिलेले मात्र कमी होते. म्हणजे समोर बसून बोललेल्या माणसाला मूल एक दिसलं आणि कागद वाचणाऱ्याला दुसरं. का, यावर दोन्ही बाजूंचे वकील भांडले. मी एवढंच घेतलं की अहवाल चांगला गेला तरी शेवटचा शब्द त्याचा नसतो.

राहता राहिलं पॅकेज. आमच्या भागातल्या एका कॉलेज कन्सल्टंटने सराव मुलाखती आणि ‘ॲलम्नाय कनेक्ट’ मिळून 450 डॉलर सांगितले. कनेक्ट म्हणजे काय विचारलं तर ‘आमची ओळख आहे, मुलाखत लावून देऊ.’ वर लिहिलंच आहे, नाव कॉलेज पाठवतं. मधल्या माणसाला तिथे जागाच नाही. आम्ही पैसे दिले नाहीत. सरावासाठी लेकीने शाळेच्या लायब्ररियन बाईंना विचारलं, त्यांनी जेवणाच्या सुट्टीत प्रश्न विचारले. त्यांच्याशी बोलताना ती दर वाक्यात ‘लाइक’ म्हणते हे कळलं, तेवढं पुरे होतं.

तर माझे तारे: वेळ ठरवण्याच्या व्यवस्थेला पाचपैकी दोन, भेटलेल्या माणसांना साडेचार (अर्धा कॅलिफोर्नियाला कापला), पॅकेजला शून्य. ज्यांची मुलं यंदा अर्ज करताहेत त्यांनी अर्ज पाठवल्या दिवसापासून स्पॅम बघायला लावा. मेल आला की त्याच दिवशी मुलानेच उत्तर द्यावं. भेट झाल्यावर त्याच रात्री दोन ओळींचे आभार, त्यात बोलण्यातली एखादी खरी गोष्ट. आमच्या लेकीने पंपांचं लिहिलं होतं. त्यांनी उत्तरात जुन्या पंपाचा एक फोटो पाठवला आणि खाली, ‘यातही स्प्रिंग हरवली होती.’