चुंबक त्यानेच माझ्या हातात दिला

लेकीचं लग्न वैशाखात होतं. गौरीहर पुजायला अन्नपूर्णा, तिच्यासोबत द्यायला रांगता बाळकृष्ण आणि समयांची जोडी घ्यायची होती. माळ्यावर आजेसासूबाईंचं पितळी घंगाळ वर्षानुवर्षं पडून होतं. म्हटलं, ते मोडीत देऊ, तेवढाच खर्च हलका.

घरच्या काट्यावर घंगाळ ६ किलो ४०० ग्रॅम भरलं होतं. दुकानात ते ५ किलो ९०० भरलं. वर कड्यांच्या सांध्यांचा डाक, मळ म्हणून घट कापली ती वेगळीच. मी कुरकुरले, पण लग्नघरात कुणाला वेळ असतो? काठावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं आजेसासूबाईंचं नाव होतं, त्यावरून एकदा हात फिरवला आणि दिलं.

मग मूर्ती. दुकानदाराने स्वतःहून गल्ल्यातून चुंबक काढला. आधी लोखंडी मापाला टक्‌कन चिकटवून दाखवला, मग माझ्या हातात दिला. "ताई, तुम्हीच लावून बघा. पितळ असेल तर धरणार नाही." अन्नपूर्णेवरून चुंबक घसरला. समयांवरूनही घसरला. माझी खात्री पटली.

आता कळतं, तो खोटं बोलला नव्हता. पितळ चुंबकाला धरत नाहीच. पण जस्त, शिसं, अ‍ॅल्युमिनियम यांनाही तो धरत नाही. आत लोखंड असतं तरच चुंबक बोलला असता.

श्रावणात लेक पहिल्या मंगळागौरीला माहेरी आली, अन्नपूर्णा घेऊनच. आदल्या रात्री मी देव चिंचेच्या कोळात ठेवले आणि गप्पांच्या नादात विसरले. सकाळी पाहते तर अन्नपूर्णेची पळी आणि गुडघे राखाडी! पितळ चिंचेत जास्त राहिलं तर तांबूस होतं. माझे जुने देव झालेही होते. राखाडी मात्र कधी होत नाही. बोटाने चोळलं तर सोनेरी पापुद्रा नखात आला.

भाच्याने स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घेतला. मूर्तीचं वजन २१४ ग्रॅम. मग काट्यावर पाण्याचं पातेलं ठेवून आकडा शून्यावर आणला आणि मूर्ती दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून अधांतरी धरली, तळाला टेकू न देता. आकडा आला ३२, म्हणजे मूर्तीएवढ्या आकाराच्या पाण्याचं वजन. २१४ ला ३२ ने भागलं तर ६.७ च्या आसपास, म्हणजे मूर्ती पाण्याच्या तितके पट जड. पितळेचा साडेआठच्या जवळ यायला हवा. म्हणजे आत जस्ताचं ओतकाम, वरून मुलामा. भरीव मूर्तीला हे घरी सहज करता येतं. पोकळ असेल तर आतल्या हवेमुळे हिशेब चुकतो.

मग समया उलट्या केल्या. जुनी समई तळाशी टिचकी मारली की घुमते. या नुसत्या टप्प वाजल्या. ओळखीच्या तांबटाने खालची चकती उचकटली तर आत सिमेंटसारखा भराव, एकेका समईत पाऊण किलोच्या आसपास. समया आम्ही साडेआठशे रुपये किलोने घेतल्या होत्या. हाताला जड लागल्या म्हणून मीच खूश झाले होते!

दुकानात गेलो. तो म्हणाला, हा आमचा मालच नाही. माझ्याकडे कच्ची चिठ्ठी, तिच्यावर 'पूजा सामान, नग ४' एवढंच. ना धातू, ना वजन, ना दर. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार करता येते, हे मला ठाऊक होतं, पण त्या चिठ्ठीवर सिद्ध काय करणार? म्हणून सांगते, पक्क्या बिलावर 'पितळ' हा शब्द, वजन आणि दर लिहूनच घ्या. तळाशी, दिसणार नाही अशा जागी, कानस मारून बघू का म्हणून विचारा. मोड आधी दुसऱ्या काट्यावर तोलून न्या.

बरीच वादावादी झाल्यावर तो समया परत घ्यायला तयार झाला, तेही मोडीच्या भावाने आणि भरावाचं वजन वजा करून! घेताना भराव पितळ होता, देताना सिमेंट. शेवटी निम्मे पैसे सुटले. घंगाळ विचारलं तर म्हणाला, ते कधीच भट्टीत गेलं.

लेकीला म्हटलं, अन्नपूर्णा तरी खरी आणू. तिने ती पुसून पुन्हा तांदळात बसवली. म्हणाली, "हिच्यावर माझ्या लग्नातल्या अक्षता पडल्यात आई. राहू दे."