कोरांटी लावू का चित्रक? फुलपाखरांसाठी कुठलं बरं

मैत्रिणीनं साताऱ्यात घर घेतलंय, पुढं थोडी मोकळी जागा आहे, रोज पाणी घालायला वेळ नाही पण फुलपाखरं यायला हवीत, तर काय लावू असं विचारत होती. मला दोनच नावं सुचली, पिवळी कोरांटी आणि पांढरा चित्रक, दोन्ही आपल्याच मातीतली आणि एकदा रुजली की वर्षानुवर्षं टिकणारी.

ऊन भरपूर असेल तर डोळे झाकून कोरांटी. कंपाउंडच्या कडेला मुरमातपण येते आणि पाऊस सरला की पिवळी फुलं धरते. पानांवर लेमन पॅन्सीच्या अळ्या वाढतात, हे तपकिरी पंखांवर डोळे असलेलं फुलपाखरू सकाळी उन्हात फरशीवर पंख पसरून बसतं. काटे मात्र बेकार, घरात रांगतं पोर असेल तर नकोच.

चित्रकाला काटे नाहीत आणि अर्धी सावलीपण चालते. फांद्या लोळतात, फुलाखालची हिरवी नळी चिकट असते ती कपड्याला चिकटते, तेवढं सोसायचं. आमच्या चित्रकावर झेब्रा ब्लू येतं, नखाएवढं, पंखांच्या खालून पट्टेपट्टे. एकदा दुपारी बघत बसले, तुऱ्यावर बसून पोट वाकवायचं, कळीला एक अंडं चिकटवायचं, उडून पुढच्या तुऱ्यावर, परत तेच. मग अळ्या कळ्या खातात म्हणजे थोडी फुलं जाणारच, ते बघवत नसेल आणि औषध मारायचं असेल तर फुलपाखरांचा नादच सोडा. आणि याचं मूळ जहाल असतं, कातडीला लागलं तर फोड येतात, गरोदर बाईनं तर पोटात अजिबात घ्यायचं नाही.

सांगली-मिरजेकडच्या काळ्या मातीत पाणी धरून राहतं, तिथं दोन्हीला खाली मुरूम टाकून वाफा उंच करा.

नर्सरीत हळदीकुंकू नावाचं झाड देतात, त्यावर प्लेन टायगर फुलपाखरू येतं खरं पण झाड मूळचं अमेरिकेकडचं. त्यासाठी आपली रुई आहे की, जिच्या पानांची माळ शनिवारी मारुतीला घालतो, फक्त तिला जागा मोठी लागते आणि चीक डोळ्यात जाऊ द्यायचा नाही. घाणेरी तर लावूच नका, सगळं रान व्यापते.

मैत्रिणीकडं दुपारनंतर भिंतीची सावली येते म्हणून तिथं चित्रक आणि गेटपाशी उन्हात एकच कोरांटी असं ठरलंय, जूनमध्ये पाऊस लागला की माझ्याकडच्या फांद्या तोडून नेऊन देणार आहे.