पॉवर बीआय: चौकटी आणि रेघांपुरता एक अनुभव

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) मी एमआयएस, म्हणजे रोजच्या आकड्यांचे रिपोर्ट, बघते. गेल्या पावसाळ्यापर्यंत आमचा रोजचा रिपोर्ट म्हणजे एक्सेलची शीट आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तिचा फोटो. मग मोल्डिंग शॉपच्या भिंतीवर टीव्ही लागला आणि पॉवर बीआय, म्हणजे आकडे आणि आलेख पडद्यावर मांडायचं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर, शिकायची पाळी माझ्यावर आली. डेटा जोडणं, डॅक्स (त्यातली सूत्रांची भाषा) वगैरेवर भरपूर जण सांगतात. मी लिहितेय ते चौकटी आणि रेघांबद्दल, कारण माझा निम्मा वेळ तिथंच गेला.

पहिला बोर्ड मी माऊसनं ओढून ओढून लावला. वर चार कार्डं, म्हणजे एकेक आकडा दाखवणाऱ्या चौकटी: मेल्टिंगचे टन, ओतलेले बॉक्स (साचे), रिजेक्शन, फेटलिंगला (कास्टिंगच्या साफसफाईला) पडून असलेला माल. मधे तीन उभ्या रेघा. लॅपटॉपवर झकास दिसत होतं. टीव्हीवर लागलं तसे मोल्डिंगचे मामा चहाचा कप घेऊन समोर उभे राहिले. "ताई, तुमच्या बोर्डात शिफ्ट पडलाय की." फाउंड्रीबाहेरच्यांसाठी सांगते, साच्याचा वरचा आणि खालचा बॉक्स नीट बसला नाही की कास्टिंगच्या जोडावर पायरी येते, त्याला शिफ्ट म्हणतात. मामांची नजर तीस वर्षं त्याच पायऱ्या हुडकण्यात गेलेली. मी आकडे उघडून बघितले तर दुसरं कार्ड खरंच तीन पिक्सेल खाली होतं. चूक माझीच, कारण सोय समोर होती आणि मी ती वापरलीच नव्हती.

ती सोय अशी: फॉरमॅट पेनमध्ये (बाजूच्या पट्टीत) जनरल, त्यात प्रॉपर्टीज. तिथं उंची, रुंदी, आडवी जागा, उभी जागा असे चार रकाने मिळतात. ओढून लावलेल्या वस्तूंच्या जागा तिथं 211.43 अशा अपूर्णांकात सापडतात. सरळ आकडे टाइप करावेत, हात थरथरायचा प्रश्नच उरत नाही. अलाइन आणि डिस्ट्रिब्यूटची बटणंही चांगली आहेत, फक्त एक ध्यानात ठेवा: कंट्रोल दाबून दोन-चार वस्तू निवडल्या तर त्या आपसात जुळतात, पण एकच निवडून अलाइन केलं तर ती थेट पानाच्या कडेला जाऊन चिकटते. पहिल्यांदा माझं कार्ड असं पळालं तेव्हा मी डिलीट झालं समजून कंट्रोल-झेड दाबत बसले होते.

माझा हिशेब असा. पान 1280 बाय 720 पिक्सेलचं. दोन्ही कडांना 10 सोडले, कार्डांमधे 20-20. उरले 1200, म्हणजे कार्ड 300 चं. कार्डं सुरू होतात 10, 330, 650 आणि 970 वर. मधल्या फटींचे मध्य येतात 320, 640, 960. उभ्या रेघा तिथं.

रेघेचं मात्र जरा वेगळं आहे. शेप्समधली रेघ एका न दिसणाऱ्या पेटीत बसते आणि अलाइन होते ती पेटी. त्यामुळं आकडे जुळले तरी डोळ्याला रेघ बाजूला वाटते. मी शेवटी रेघ सोडली आणि आयतच घेतला, बॉर्डर बंद, आत फिकट राखाडी रंग, रुंदी अगदी कमी. आयताची कड तीच रेघेची कड.

रुंदी आधी 1 ठेवली होती. टीव्हीवर एक रेघ ठळक, दुसरी धुरकट. कारण साधं आहे: टीव्ही 1920 बाय 1080 चा, म्हणजे सगळं दीडपट होतं आणि एक पिक्सेलचे दीड पिक्सेल कुठनं आणायचे? आता रुंदी 4, जागा 318, 638, 958. दीडपट केलं तरी सगळे पूर्णांक. लांबून बघणाऱ्यांना 4 जाडही वाटत नाही.

सगळं बसलं की व्ह्यूमधलं लॉक ऑब्जेक्ट्स चालू करा. मग माऊस लागून काही हलत नाही.

पैशाचं: डेस्कटॉप फुकट आहे, पण फक्त विंडोजवर. दुसऱ्यांशी शेअर करायचं तर प्रो लायसन्स, 2025 च्या एप्रिलपासून माणशी महिना 14 डॉलर, आधी 10 होतं. आमच्या मालकांनी दोनच घेतली. पाच-दहा माणसांच्या वर्कशॉपला एक्सेल पुरेसं आहे, उगाच मागं लागू नका. भिंतीवर टीव्ही लावणार असाल तर घ्या. माझ्याकडनं पाचापैकी चार.

शेवटचं दुखणं बेळगावचं. आमच्याकडं मथळे मराठीत आणि कन्नडमध्ये शेजारी-शेजारी लागतात. मराठी 'दर्जा'चा रफार वर, कन्नड 'गुणमट्ट'चा जोड ट खाली लोंबतो. मराठीच्या मापानं केलेल्या टेक्स्ट बॉक्समध्ये त्या ट चे पाय कापले गेले. कन्नडचा बॉक्स तेवढा वाढवला तर दोन्ही ओळी खालीवर. मग दोन्ही बॉक्स कन्नडच्या मापाचे केले, उभी जागा एकच ठेवली आणि खालची आडवी रेघ 6 पिक्सेल खाली सरकवली. स्टोअरमधल्या आमच्या कन्नड सहकाऱ्यानं सकाळी आत येताना मान वर करून बघितलं आणि म्हणाला, "ईग सरी आयतु." म्हणजे, आता बरोबर झालं.