शिरोली बनावटीचा कोळसा गॅसिफायर: लोखंड पक्कं, मीटर कच्चे

अ‍ॅनिलिंग भट्टीसाठी (धातू तापवून मऊ करणारी) कोल्हापूरजवळच्या शिरोलीत बनवून मिळणारा हा फिरत्या शेगडीचा अपड्राफ्ट गॅसिफायर, म्हणजे खालून हवा घेऊन कोळशाचा जळाऊ गॅस वरून देणारं यंत्र. वेल्डिंग नेटकं, राखेचं वॉटर सील (तळाशी गॅस अडवणारं पाणी) चोख.

घोळ थर्मामीटरचा. ब्लोअरच्या हवेत भोवतीच्या पाण्याच्या जॅकेटची वाफ मिसळते, त्या मिश्रणाच्या तापमानावर सगळा खेळ. ५० अंशांना एक घनमीटर संपृक्त (वाफेने पुरती भरलेल्या) हवेत सुमारे ८३ ग्रॅम वाफ मावते, ६० अंशांना १३०. दहा अंशांत दीडपट! आणि इथे डायल बसवलाय वाफेच्या नळीच्या तोंडाशी. तो कायम चढाच दाखवणार. ऑपरेटर वाफेचा व्हॉल्व्ह आवळतो, आग भडकते, राख वितळून क्लिंकर (दगडासारखे गोळे) धरतो आणि शेगडी जाम. मिश्रण शेगडीखाली शिरण्याआधीच्या सरळ पाइपवर आरटीडी (विजेच्या रोधावरून तापमान मोजणारा सेन्सर) बसवून घ्या. सुरुवात ५५ अंशांनी करा. राखेत क्लिंकरचे ढेकूळ आले तर दोन-दोन अंश वर. पण वाफ फार झाली की आग मंदावते, गॅसमध्ये कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि भट्टी चढत नाही. तो कोळशाच्या थरात भोक पडूनही वाढतो, म्हणून व्हॉल्व्हला हात लावण्याआधी सळई घाला.

सळई शेगडीपर्यंत घालून तीन मिनिटं ठेवायची, मग झटकन ओढायची. खालचा काळा टप्पा राखेचा, वरचा लाल टप्पा आगीचा. दोन्ही साधारण १५० ते २०० मिमी हवेत. लाली वर सरकली असेल तर शेगडीचा वेग वाढवा, राख पातळ असेल तर शेगडी थांबवा. एकाच पोकहोलवर (सळई घालायच्या वरच्या भोकावर) विसंबू नका. एका बाजूला लाली उंच म्हणजे तिथे भोक, ते सळईनेच मोडायचं.

कोळसा २० ते ४० मिमी, चाळलेला. जुलैत ओला चुरा खड्यांना चिकटून चाळणीतून पडतच नाही. शेड नसेल तर चाळणं फुकट.

गॅस इंजिन जोडून वीज करा, असंही विक्रेते सुचवतात. नको. इंजिनाला घनमीटरमागे १०० मिलिग्रॅमच्या आत डांबर चालतं, अपड्राफ्टमध्ये ते ग्रॅममध्ये येतं. धुऊन काढाल, पण ते फिनॉलचं विषारी पाणी पंचगंगेत सोडणार का?

कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, तरी अलार्म किमतीत धरलेला नाही. पोकहोलच्या प्लॅटफॉर्मवर एक, पॅनेलपाशी एक, असे दोन ऑर्डरमध्येच लिहून घ्या.