मुलांचे आभार मानणारी गणिताची शिकवणी

अमळनेरमध्ये नववी-दहावीच्या गणितासाठी शिकवणी शोधणाऱ्या पालकांसमोर आज पर्याय पुष्कळ आहेत. निकालाचे मोठे फलक लावणारे क्लासेस आहेत, घरोघरी जाऊन शिकवणारे तरुण पदवीधर आहेत आणि मोबाइलवरची ॲप्सही आहेत. मी ज्या शिकवणीविषयी लिहीत आहे, तिला मात्र फलकसुद्धा नाही. एक निवृत्त माध्यमिक शिक्षक गावातील जुन्या वस्तीत आपल्या घराच्या पुढच्या पत्र्याच्या खोलीत ती चालवतात. माझी मुलगी नववी आणि दहावी अशी दोन्ही वर्षे तेथे गेली. ती आता अकरावीत आहे, तेव्हा या सेवेविषयी पूर्ण माहितीनिशी लिहिता येईल असे मला वाटते. आपले नाव कोठे छापून यावे अशी सरांची इच्छा नाही, म्हणून ते देत नाही.

काही पालक विचारतात, म्हणून आधीच सांगते की शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २८ नुसार नोकरीत असलेल्या शिक्षकाला खासगी शिकवणी घेता येत नाही. सर सेवानिवृत्त आहेत आणि नोकरीत असताना त्यांनी एकही शिकवणी घेतली नव्हती, हे गावातील जुने लोक आवर्जून सांगतात.

शिकवणीचा अभिप्राय देताना गुण, फी आणि नोट्स यांविषयी लिहिण्याची रीत आहे. त्याविषयीही लिहीन, परंतु या शिकवणीचे खरे वैशिष्ट्य वेगळे आहे. येथे शिक्षक विद्यार्थ्यांचे आभार मानतात. गुरुपौर्णिमेपुरते किंवा निरोप समारंभापुरते नव्हे, तर रोज, नाव घेऊन आणि नेमक्या कारणासाठी. हा केवळ त्यांच्या चांगल्या स्वभावाचा भाग आहे, असे अनेक पालक समजतात. मुलीला आणायला जाताना ओट्यावर बसून मी जे ऐकले आणि घरी तिच्या वहीत जे पाहिले, त्यावरून माझे मत असे झाले आहे की सरांची शिकवण्याची सगळी पद्धतच या आभारांवर उभी आहे.

एक उदाहरण देते. १० − (४ − १) याचे उत्तर किती, असे विचारले तर बरीच मुले ५ सांगतात, कारण कंसाबाहेरचे वजाचे चिन्ह आतील दोन्ही संख्यांवर चालते हे त्यांच्या लक्षात राहत नाही. नववीत हीच चूक बैजिक राशींमध्ये होते आणि दहावीत वर्गसमीकरणापर्यंत सोबत येते. पातोंड्याहून येणाऱ्या एका मुलाने फळ्यावर ५ लिहिले, तेव्हा सर त्याला म्हणाले, “भाऊ, तू हे लिहिलेस ते फार बरे झाले, कारण आज हे उत्तर किती वह्यांमध्ये लपून बसले आहे ते मला कळले नसते.” मग त्यांनी सगळ्यांना विचारले की दहा रुपये घेऊन दुकानात गेलो, चार रुपयांची वस्तू घेतली आणि दुकानदाराने एक रुपया सोडला, तर हातात किती उरतील. सात, असे उत्तर सगळीकडून एकदम आले. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात सर रोज ‘आजचा प्रश्न’ लिहितात आणि त्याखाली तो ज्याच्यामुळे निघाला त्या मुलाचे नाव असते. त्या दिवशी तेथे त्या मुलाचे नाव होते. इतर ठिकाणी फळ्यावर पहिल्या आलेल्याचे नाव असते. येथे अडलेल्याचे नाव मानाने लिहिले जाते, आणि त्यामुळे दुसऱ्या दिवशी अडलेली मुले स्वतः हात वर करतात. गणितात मागे पडलेल्या मुलाची पहिली अडचण गणित ही नसते. आपल्याला येत नाही हे चारचौघांत सांगण्याची त्याला भीती असते, आणि ती भीती येथे पहिल्या महिन्याभरात जाते.

शिकवणीत निम्म्याहून अधिक मुले मारवड, पातोंडा, शिरूड अशा खेड्यांतून येतात. त्यांच्या घरात अहिराणी बोलली जाते आणि पाठ्यपुस्तकातील मराठी त्यांना परकी नसली तरी ती बोलताना त्यांची जीभ अडखळते. “सर, माले समजनं नही,” असे एखाद्या मुलीने म्हटले की सर तेच उदाहरण अहिराणीत पुन्हा समजावतात आणि शेवटी प्रमाण भाषेत लिहून घेतात, कारण बोर्डाच्या उत्तरपत्रिकेत तेच लिहायचे असते. दोन्ही भाषांना त्या खोलीत सारखाच मान आहे. माझी मुलगी शहरात वाढलेली असूनही तेथे जाऊन अहिराणी बोलू लागली, याचा मला गुणांइतकाच आनंद आहे.

खेड्यांतील मुलांना एसटी गाठायची असते, म्हणून तासाची रचनाच तशी केलेली आहे. नवा भाग नेहमी सुरुवातीला शिकवला जातो आणि शेवटची वीस-पंचवीस मिनिटे सरावासाठी ठेवलेली असतात, म्हणजे बससाठी लवकर उठणाऱ्या मुलांचा नवीन भाग कधीच बुडत नाही. उठणाऱ्याला सर सरावाची उदाहरणे कागदावर लिहून देतात आणि दुसऱ्या दिवशी पहिली विचारपूस बस वेळेवर मिळाली का, हीच असते. लहानशी गोष्ट आहे, पण अंधार पडल्यावर फाट्यावर उतरून घरापर्यंत चालत जाणाऱ्या मुलीला आपली कोणी तरी आठवण ठेवली होती हे दुसऱ्या दिवशी कळते, तेव्हा ती शिकवणी सोडण्याचा विचार सहसा करत नाही.

खाण्याची गोष्टही सांगायला हवी. शासनाचा शालेय पोषण आहार आठवीपर्यंतच मिळतो. नववीत गेलेले मूल सकाळी घरून निघाले की संध्याकाळपर्यंत अनेकदा एका डब्यावर असते, आणि शाळेतून थेट शिकवणीला येणाऱ्याच्या पोटात पाचच्या सुमारास काहीच नसते. सरांच्या खोलीत दाराजवळ माठ आहे आणि त्याच्या शेजारी फुटाणे व गुळाचा डबा ठेवलेला असतो. आल्यावर प्रत्येकाने मूठभर घ्यायचे, मग तो व्यापाऱ्याचा मुलगा असो किंवा शेतमजुराचा. काकू हा डबा भरतात आणि कोणी न घेता आत गेले तर त्याला परत बोलावतात. सगळ्यांनीच घ्यायचे असल्यामुळे भुकेल्या मुलाला वेगळे पडल्यासारखे वाटत नाही.

फीच्या बाबतीत हाच विचार अधिक नेमकेपणाने केलेला आहे. फी महिन्याला चारशे रुपये आहे आणि ती प्रत्येक मुलाने बंद पाकिटात आणायची असते. प्रवेशाच्या वेळी सर पालकांना स्पष्ट सांगतात की ज्या महिन्यात जमणार नाही त्या महिन्यात पाकीट रिकामे आणले तरी चालेल, पण पाकीट आणायचेच. सगळी पाकिटे एकाच पेटीत पडतात आणि ती मुलांसमोर उघडली जात नाहीत. मदत घेणाऱ्याचा मान राखण्याची इतकी साधी व्यवस्था मी अन्यत्र पाहिलेली नाही.

खान्देशातील कोणत्याही शिक्षकाला कापसाच्या हंगामाचा सामना करावा लागतो. दिवाळीच्या आसपास वेचणी सुरू झाली की शेतमजूर आणि लहान शेतकरी कुटुंबांतील मुले शाळेतून आणि शिकवणीतून गायब होऊ लागतात, आणि परत येतात तेव्हा मागे पडलेली असतात. बहुतेक ठिकाणी अशा मुलांना आधी बोलणी ऐकावी लागतात. सरांनी मात्र दहावीचा सांख्यिकीचा धडा या मुलांसाठी राखून ठेवला आहे. वेचणीवरून आलेल्या मुलांना ते पुढच्या रांगेत बसवतात आणि घरातील कोणी रोज किती किलो कापूस वेचला ते विचारतात. वेचणीची मजुरी किलोवर ठरत असल्यामुळे हे आकडे मुलांना तोंडपाठ असतात. त्या आकड्यांचे वर्ग पाडून वारंवारता सारणी तयार होते आणि तिच्यावरूनच मध्य, मध्यक आणि बहुलक काढले जातात. माझ्या मुलीच्या वहीत ती सारणी अजून आहे. तिच्याखाली सरांच्या सांगण्यावरून प्रत्येकाने एक ओळ लिहिली आहे की ही माहिती ज्यांनी वेचून आणली त्यांचे आभार. पुस्तकातील आकड्यांवर शिकलेला मध्यक ती कदाचित विसरली असती. वेचणीच्या आकड्यांमध्ये तिच्या मैत्रिणीची आई होती, म्हणून तो तिला विसरता येत नाही. आणि त्या मैत्रिणीच्या दृष्टीने पाहिले, तर ज्या गैरहजेरीची तिला लाज वाटत होती, तिच्यातूनच सगळ्या वर्गाचा धडा तयार झाला होता.

गुरुपौर्णिमेला मुले पाया पडायला येतात, तेव्हा सर त्या वर्षी कोणाकडून काय शिकायला मिळाले ते सांगतात. गेल्या वर्षी त्यांनी एका मुलाचे नाव घेतले, ज्याला त्याच्या आजोबांनी पावकी, निमकी, सवायकी आणि दीडकीचे पाढे शिकवले होते. सातची दीडपट साडेदहा, हे तो कागदाला हात न लावता सांगत असे. हे पाढे आपण लहानपणी पाठ केले होते आणि पुढे विसरलो होतो, ते या मुलाने आपल्याला परत मिळवून दिले, असे सर म्हणाले आणि त्यांनी त्याला नमस्कार केला. त्यानंतर आठवडाभर त्या मुलाने सगळ्यांना दीडकी शिकवली.

अमळनेरमध्ये चांगल्या शिक्षकाविषयी बोलू लागले की साने गुरुजींचे नाव येतेच. गुरुजी १९२४ ते १९३० या काळात येथे शिक्षक होते, छात्रालयातील मुलांच्या खोल्या स्वतः झाडत होते आणि त्यांच्यासाठी हस्तलिखित दैनिक काढत होते. त्या नावाचे ओझे कोणत्याही आजच्या शिक्षकावर टाकू नये, असे मला मनापासून वाटते. सर स्वतःही ती तुलना होऊ देत नाहीत आणि कोणी केलीच तर विषय बदलतात. माझे म्हणणे इतकेच आहे की मुलांची सेवा करणे हे शिक्षकाचेच काम आहे, ही समजूत या गावात शंभर वर्षांपासून आहे आणि ती अजून पुसली गेलेली नाही.

आता ज्या बाबतीत ही शिकवणी कमी पडते ते लिहिते, कारण ते लपवले तर नव्या पालकांवर अन्याय होईल. सरांचा वेग संथ आहे. बीजगणित आणि भूमिती असे गणिताचे दोन्ही भाग, प्रत्येकी ४० गुणांचे आणि दोन तासांचे, पूर्ण होतात, परंतु डिसेंबरमध्ये उजळणी इतर क्लासेसपेक्षा बरीच मागे असते आणि पालकांना धीर धरावा लागतो. छापील नोट्स मिळत नाहीत. सराव प्रश्नपत्रिका थोड्याच होतात, आणि दोन तासांत पेपर संपवण्याची सवय लागण्यासाठी घरी वेळ लावून स्वतंत्र सराव करून घ्यावा लागतो, तसा आम्ही केला. पत्र्याच्या खोलीत मार्चपासून ऊन असह्य होते, वीज गेली तर वर्ग ओट्यावर भरतो, आणि वाहने लावायला जागा नाही. अकरावी-बारावीनंतरच्या प्रवेश परीक्षांची तयारी येथे होत नाही. तो उद्देश असेल तर दुसरीकडे जावे. अतिशय हुशार मुलाला सुरुवातीला कंटाळा येण्याची शक्यता आहे. सर त्याला शेजारच्या मुलाला शिकवण्याचे काम देतात, आणि ते त्याला आवडले तरच तो येथे रमतो. माझ्या मुलीला ते आवडले. समरूप त्रिकोणांची प्रमेये मैत्रिणीला तीनदा समजावताना तिच्या स्वतःच्या सिद्धतेतील पोकळ जागा भरून निघाल्या, असे ती सांगते.

तिला दहावीला गणितात ७८ गुण मिळाले. आठवीच्या शेवटी ती गणिताच्या पेपरच्या आदल्या रात्री जेवत नसे, हे लक्षात घेता मी या निकालावर पूर्ण समाधानी आहे. तिच्याच तुकडीत नव्वदीच्या पुढे गेलेली मुले होती आणि जेमतेम उत्तीर्ण झालेलीही होती. निकालाच्या दिवशी सरांनी सगळ्यांना सारखेच पेढे दिले आणि जेमतेम उत्तीर्ण झालेल्या मुलाच्या घरी ते स्वतः गेले, कारण तो संकोचाने आला नव्हता.

ज्या मुलाला गणिताची भीती आहे, ज्याला प्रश्न विचारायला संकोच वाटतो किंवा ज्याच्या घरची परिस्थिती बेताची आहे, त्याच्यासाठी अमळनेर तालुक्यात मला याहून चांगली शिकवणी माहीत नाही. प्रवेश जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर होतात आणि जागा मर्यादित असल्यामुळे उशीर करू नये. चौकशीसाठी संध्याकाळी साडेसातनंतर, तास सुटल्यावर जावे आणि मुलाला सोबत न्यावे, कारण पहिल्या भेटीत सर पालकांशी थोडे आणि मुलाशी बराच वेळ बोलतात. मागील वर्षाची गणिताची वही बरोबर असली तर उत्तम. ती न तपासलेली किंवा अर्धवट असली तरी संकोच करू नये, सर नेमकी तीच पाने आधी पाहतात.