जुन्या पिकअपच्या मॉडेलला रंग: स्प्रे कॅन, इनॅमल की एअरब्रश?

प्लॅस्टिकच्या मॉडेलचं किट आणून ठेवलंय, जोडणीला हातही घातलाय आणि आता रंग कुठला घ्यावा इथे घोडं अडलंय, अशांसाठी हे लिहितोय. माझ्या टेबलावर एएमटी कंपनीच्या किटमधली १९५० ची शेवरोले ३१०० पिकअप आहे, १/२५ मापाची, म्हणजे खऱ्या गाडीच्या पंचविसाव्या हिश्शाएवढी. खऱ्या गाडीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, ११६ इंच. मॉडेलमध्ये तो साडेचार इंचांहून जेमतेम जास्त भरतो. तेवढ्यात गोल मडगार्ड, फुगीर बॉनेट, पाच आडव्या पट्ट्यांची ग्रिल आणि मागे लाकडी फळ्यांचा हौदा. गाडी अमेरिकन असली तरी मुंबईला शेवरोले परकी नाही. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला जुळणीचा कारखाना काढला होता. त्यामुळे हे मॉडेल करताना मला जरा जास्तच जीव लावावासा वाटतो.

आधी लॅकरचा, म्हणजे झटपट उडणाऱ्या थिनरमधल्या रंगाचा, स्प्रे कॅन. तामिया कंपनीचे टीएस मालिकेतले १०० मिलीचे कॅन याच जातीचे आणि प्लॅस्टिकसाठीच बनवलेले. कॅन कोमट पाण्यात पाच मिनिटं उभा करायचा, नीट हलवायचा, वीस-पंचवीस सेंटिमीटरवरून हलके हात मारायचे. पहिले दोन थर नुसते धुक्यासारखे, मग एक ओला थर. बॉनेटवर जी सपाटी येते ती ब्रशने आणायला वर्षांचा सराव लागतो. अर्ध्या तासात वरवर सुकतो, म्हणून धूळही कमी बसते.

पण हे सगळं कोरड्या हवेत. एका ऑगस्टमध्ये, पाऊस उघडलाय असं बघून, मी गॅलरीत केबिनवर गडद हिरवा मारला. दहा मिनिटांत छतावर पांढुरकी साय धरली, जणू कुणी ताक शिंपडलंय. कारण साधं आहे. लॅकरमधला थिनर झपाट्याने उडतो, उडताना पृष्ठभाग गार करतो आणि दमट हवेतली वाफ त्या गार रंगावर बसते. ते केबिन मी तसंच डब्यात झाकून ठेवलं आणि दिवाळीनंतर एका कोरड्या दुपारी त्यावर पातळ ओला थर दिला, तेव्हा साय गेली. दरवेळी जाईलच असं नाही. शिवाय वास उग्र असतो. घरात लहान मूल किंवा दम्याचं माणूस असेल तर गॅलरीतसुद्धा विचार करून.

आणि पैसे वाचवायला हार्डवेअरच्या दुकानातला लोखंडी दारांचा कॅन उचलू नका. त्यातलं द्रावण किटचं प्लॅस्टिक खातं; पृष्ठभाग जळल्यासारखा खरबरीत होतो आणि कितीही घासला तरी दारावरच्या बारीक रेषा परत येत नाहीत.

इनॅमलचं, म्हणजे टर्पेंटाइनने पातळ होणाऱ्या तेलकट रंगाचं, सगळं उलटं. हंब्रॉल कंपनीच्या १४ मिलीच्या डब्या, टर्पेंटाइन आणि एक चांगला चपटा ब्रश, एवढ्यावर काम सुरू होतं. तो सावकाश सुकतो आणि हाच त्याचा गुण आहे, कारण तेवढ्या वेळात ब्रशचे ओरखडे आपोआप बसतात. पावसाळ्यात साय धरत नाही. दोष असा की, दोन-दोन दिवस चिकट राहतो आणि पंख्याखाली ठेवला तर घरातली सगळी धूळ गोळा करतो. मी बॉडी बाटलीवर अडकवतो आणि वर मोठा टोप पालथा घालतो, खाली हवेला बोटभर फट ठेवून. आठवड्याने नाक जवळ नेऊन बघायचं. वास येतोय तोवर रंग कच्चा. चिकटपट्टी लावलीत तर ठसा उठणार.

हौदा मात्र मी इनॅमलशिवाय करणारच नाही. फळ्यांना आधी फिकट बदामी रंग, तो पूर्ण वाळू द्यायचा. मग गडद तपकिरी इनॅमल टर्पेंटाइनमध्ये चहाइतका पातळ करून वाहू द्यायचा. पंधरा-वीस मिनिटांनी जवळजवळ कोरड्या ब्रशने फळीच्या लांबीच्या दिशेने ओढत गेलं की रेषा उमटतात, लाकडाच्या शिरा वाटाव्यात अशा. मधल्या लोखंडी पट्ट्यांवर शेवटी पेन्सिलीचं शिसं बोटाने चोळायचं. तिथे माल घासून घासून पॉलिश झाल्यासारखी चमक येते. लॅकर इतकी सवड देत नाही.

एअरब्रश (कॉम्प्रेसरच्या हवेवर रंग फवारणारं पेनासारखं यंत्र) आणि पाण्यातला ॲक्रिलिक रंग: वास जवळजवळ नाही, हवा तो रंग मिसळता येतो, थर कॅनपेक्षाही पातळ बसतो. पण एअरब्रश आणि कॉम्प्रेसर मिळून किटच्या कितीतरी पट खर्च, रात्री दहानंतर कॉम्प्रेसर लावला तर शेजारी दार वाजवणार, आणि प्रत्येक रंगानंतर सुई काढून धुवायची. वर्षाला चार-पाच मॉडेलं करणार असाल तरच घ्या. ॲक्रिलिक साध्या ब्रशने मोठ्या बॉनेटवर लावू नका, हात फिरेपर्यंत सुकतो आणि पट्टे राहतात. सीट, डॅशबोर्ड, स्टिअरिंग यांना तो छान.

दोन जाती एकत्र वापरायच्या तर क्रम पाळा: खाली लॅकर, वर इनॅमल चालतं. इनॅमलवर लॅकर मारलात तर खालचा थर सुरकुततो.

पहिलीच पिकअप असेल आणि एकच काहीतरी घ्यायचं असेल तर मी इनॅमल सुचवेन. ही राबणारी गाडी होती, तिला शोरूमची लकाकी नसली तरी शोभते. ब्रशची थोडी खूण मडगार्डवर खपून जाते. चकचकीतच हवी असेल तर कॅन घ्या, पण बॉडी डिसेंबर ते फेब्रुवारीसाठी राखून ठेवा. जून ते सप्टेंबर चासी, इंजिन आणि हौदा इनॅमलने उरकून घ्या. बॉडीचे भाग तोवर भांड्याच्या साबणाने धुवा, साच्याचं तेल जाऊ द्या, आणि वाळल्यावर सिलिका जेलच्या पुड्या टाकून झाकणाच्या डब्यात ठेवा.