वॉशिंग मशीनच्या नळाचा छोटा सॉफ्टनर: बोअरच्या पाण्यात किती पुरतो?

जुळे सोलापूर किंवा विजापूर रोडला नवीन वॉशिंग मशीन घेतलं की सोबत नळाला जोडायचं एक नळकांडंही बऱ्याचदा गळ्यात पडतं. वस्तू खरी आहे, काम करते. पण ज्या पद्धतीने ती विकली आणि वापरली जाते, त्याने काही धुण्यांतच तिचा नुसता पाइप होतो.

आपल्याकडे उजनीचं पाणी रोज येत नाही, म्हणून टाकीत बोअरचं पाणी मिसळतं. काळ्या पाषाणातून आलेल्या या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात; यालाच पाण्याचा जडपणा म्हणतात. पाणी तापलं की त्यातलं बायकार्बोनेट फुटतं आणि हीटरच्या कॉइलवर चुन्याचा थर बसतो. मग कॉइलची उष्णता पाण्यात जात नाही, कॉइल आतल्या आत तापते आणि जळते. साबणही क्षारांशी बांधला जाऊन कपड्यांत अडकतो. आपला सोलापुरी टॉवेल दहा-बारा धुण्यांत पुठ्ठ्यासारखा होतो तो यामुळे. दोष टॉवेलचा नसतो.

नळकांड्यात रेझिनचे पिवळसर बारीक मणी असतात. ते कॅल्शियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. त्यामुळे टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, कमी होत नाही. सॉफ्टनरच्या आधी आणि नंतर टीडीएस मीटर बुडवून कोणी फरक दाखवत असेल, तर त्याला यातलं कळत नाही. जडपणा मोजायला थेंबांचं किट लागतं; त्यात पाण्याचा रंग लालसर जांभळ्यावरून निळा होतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६००.

आता खरा हिशोब. १ लिटर रेझिन पूर्ण भरेपर्यंत साधारण ५० ग्रॅम जडपणा धरतं, मग ते काम करत नाही. पाणी ४०० मिलिग्रॅमचं असेल तर १२५ लिटरमध्ये रेझिन भरलं. म्हणजे फ्रंट लोडची जेमतेम दोन धुणी, टॉप लोडचं एकच. पाणी २०० चं असेल तर याच्या दुप्पट. डब्यावर लिहिलेले 'इतके हजार लिटर' कोणत्या जडपणाला धरून आहेत ते विचारा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आत रेझिन किती लिटर आहे ते विचारा. याचं उत्तर मिळत नसेल तर ते नळकांडं घेऊ नका.

रेझिन असं भरलं की मणी पुन्हा मोकळे करायला मिठाचं पाणी द्यायचं: १ लिटर रेझिनला १५० ग्रॅम मीठ, दीड लिटर पाण्यात. हे पाणी २० ते ३० मिनिटं संथ जाऊ द्यायचं. बहुतेक घरांत इथेच चुकतं; भसकन ओतलं की मीठ वाया जातं आणि रेझिन अर्धंच मोकळं होतं. मग आठ-दहा लिटर साधं पाणी, खारटपणा जाईपर्यंत. खडेमीठ नको, त्यात माती आणि मॅग्नेशियम असतं. काम झालं का ते पाहायला बाटलीत थोडं पाणी घेऊन अंगाच्या साबणाचा कीस टाका आणि हलवा: पाणी मऊ असेल तर फेस टिकतो, जड असेल तर साका दिसतो. डिटर्जंटने ही चाचणी होत नाही, ते जड पाण्यातही फेसाळतं.

बोअरच्या पाण्यात लोह असेल तर मणी तांबूस होऊन निकामी होतात. गाळ असेल तर आधी ५ मायक्रॉनचा फिल्टर हवाच. दाबाचंही बघा: टाकी नळापेक्षा ३ मीटर उंच असली तरी दाब जेमतेम ०.३ बार मिळतो. सर्वांत वरच्या मजल्यावर सॉफ्टनर लावला की मशीन 'पाणी नाही' म्हणून थांबतं, आणि मेकॅनिक विनाकारण व्हॉल्व्ह बदलून जातो.

फॉस्फेटचे खडे असलेलं स्वस्त नळकांडं वेगळं. ते क्षार काढत नाही, थर बसणं फक्त लांबवतं, आणि पाणी ६० अंशांच्या वर गेलं की तोही उपयोग उतरतो. थर बसू नये म्हणून पाइपला बांधायच्या चुंबकाच्या पट्ट्यांवर पैसे घालवू नयेत.

फ्रंट लोड, दोन-तीन माणसांचं घर आणि दर दोन धुण्यांनी मिठाचं पाणी द्यायची तयारी असेल तर रेझिनचं नळकांडं घ्यावं. मोठ्या कुटुंबाने किंवा टॉप लोडवाल्यांनी टाकीखालच्या मुख्य पाइपवर २० ते २५ लिटर रेझिनचा सॉफ्टनर बसवावा. त्यात गिझरही वाचतो. मात्र गिझरच्या टाकीला गंजापासून वाचवणारा आतला मॅग्नेशियमचा रॉड दरवर्षी तपासा, मऊ पाण्यात तो लवकर झिजू शकतो.

जुना थर सॉफ्टनरने लगेच निघत नाही. तो आधी सायट्रिक ॲसिडने काढावा: ड्रममध्ये १०० ग्रॅम, कपडे न घालता, ६० अंशांवर. एवढ्यात ७० ते ७५ ग्रॅमच थर विरघळतो, त्यामुळे जुन्या मशीनला दोनदा करावं लागतं. ब्लीच सोबत अजिबात नको, विषारी वायू होतो. नंतर खालचा ड्रेन फिल्टर उघडून सुटलेल्या खपल्या काढा, नाहीतर त्या पंपात अडकतात.